अलिप्ततेची कसोटी : जवानाच्या हातातील रायफल

(वरळी कोळीवाडा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या कोळीवाड्याच्या टोकाला जो किल्ला उभा आहे, तो इंग्रजांनी सतराव्या शतकात माहीमच्या उपसागरावर नजर ठेवण्यासाठी बांधला. त्याच शतकातील आणि इंग्रजांच्याच संबंधातील एक प्रसंग आजच्या विषयाच्या आरंभी आठवणे उचित ठरेल. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतील इंग्रज व्यापारी वेढा घालणाऱ्यांच्या मदतीस दारूगोळा घेऊन गेले आणि आपले निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. कोणाशी वैर म्हणून ते आले नव्हते; माल खपवायला आले होते. पुढे शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटून तेथील इंग्रजांना कैद केले. परंतु त्यानंतरच्या काळात त्याच इंग्रजांकडे तोफांची मागणी करण्याचा प्रसंग स्वराज्यावरही आला. शत्रूला दारूगोळा पुरविणाऱ्याच्याच दाराशी शस्त्रासाठी जावे लागणे ही अडचण सतराव्या शतकाबरोबर संपली नाही. स्वातंत्र्यानंतरही ती भारतासमोर पुन:पुन्हा उभी राहिली आहे.

अलिप्ततेची चर्चा नेहमी परराष्ट्रधोरणाच्या भाषेत होते. १९५५ ची बांडुंग परिषद, १९६१ ची बेलग्रेड परिषद, संयुक्त राष्ट्रसंघातील मतदान, यांभोवती ती फिरते. हे सारे महत्त्वाचेच आहे. परंतु एखादे राष्ट्र खरोखर किती अलिप्त आहे हे ताडून पाहण्याची एक साधी कसोटी आहे : त्या राष्ट्राच्या सामान्य शिपायाच्या हातात कोणती रायफल आहे, ती कोणी घडविली, आणि ती बिघडली तर कोणाच्या परवानगीने दुरुस्त होते? विमान किंवा पाणबुडी बनविणे गरीब देशाला परवडत नाही, हे मान्य करता येईल. रायफलीची गोष्ट वेगळी आहे. उत्तम पोलाद, अचूक नळी, काटेकोर यंत्रकाम आणि भरवशाचे काडतूस एवढे साधले की मध्यम दर्जाचे उद्योग असलेला देशही ती बनवू शकतो. म्हणूनच येथील परावलंबनाला गरिबीची सबब पुरत नाही.

तटस्थ राष्ट्राचे सर्वपरिचित उदाहरण स्वित्झर्लंडचे. १८१५ मध्ये युरोपातील बड्या सत्तांनी त्याची तटस्थता मान्य केली. या चिमुकल्या देशाने १८६९ मध्ये व्हेटर्ली ही बोल्टची, अनेक काडतुसे मावणारी रायफल स्वीकारली. १८८९ मध्ये श्मिट-रुबिन. १९११ मध्ये तिचीच सुधारित आवृत्ती. १९३१ मध्ये आखूड नळीची नवी रचना. १९५७ मध्ये स्वयंचलित रायफल. आणि १९९० मध्ये आजची हलकी रायफल. या क्रमात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. साडेसात मिलिमीटरचे काडतूस सुधारणा होत होत सुमारे शंभर वर्षे टिकले. बर्नचा सरकारी कारखाना आणि नॉयहाउझेन येथील ‘सिग’ या कंपनीचा कारखाना यांच्यात काम वाटले गेले, आणि कारागिरांच्या एका पिढीने शिकलेले दुसऱ्या पिढीच्या हाती गेले. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर हा देश चोहोबाजूंनी हिटलर-मुसोलिनीच्या सत्तेने वेढला गेला. स्विस भांडवलाने त्या काळात कोणाकोणाशी व्यवहार केले याचा हिशेब फारसा गौरवास्पद नाही. पण नागरिक-सैनिकाच्या घरी ठेवलेली रायफल त्याच्या स्वत:च्या देशाची होती, हेही खरे.

आता भारताकडे वळू. या देशात रायफलीचा इतिहास अविश्वासापासून सुरू होतो. १८५७ च्या उठावाला एन्फील्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसाचे निमित्त झाले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्यानंतर काय झाले याची चर्चा मात्र कमी होते. इंग्रज सरकारने ठरविले की देशी शिपायाचे शस्त्र गोऱ्या शिपायाच्या शस्त्राहून एक पिढी मागचे असावे. गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा देशी पलटणींच्या हाती जुनी स्नायडर होती. गोऱ्यांना मॅगझिनची ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा कुठे देशी शिपायाला मार्टिनी-हेन्री लाभली. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य प्रजेला नि:शस्त्र केले. शस्त्र कोणाच्या हाती द्यायचे आणि किती जुने द्यायचे हा साम्राज्यसत्तेचा मुद्दाम आखलेला व्यवहार होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ली-एन्फील्ड, म्हणजे बोलीभाषेतील ‘थ्री नॉट थ्री’, तयार होऊ लागली. दोन महायुद्धांत भारतीय शिपाई ती घेऊन परक्यांसाठी लढला. १९४७-४८ मध्ये काश्मीरमध्ये ती स्वत:च्या देशासाठी वापरली गेली. मजबूत, अचूक, चिखल-धुळीला दाद न देणारी ही रायफल होती. परंतु प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागे. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नेफाच्या डोंगरांत जवान हीच रायफल घेऊन उभा होता. समोरच्या चिनी सैनिकाकडे अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित शस्त्रे होती, कारण चीनने सोव्हिएत नमुन्यांचे उत्पादन आपल्या कारखान्यांत सुरू केले होते. त्या पराभवाची कारणे अनेक आहेत. राजकीय नेतृत्वाचा भ्रम आणि सेनापतींची अव्यवस्था ही त्यांतली मोठी. तरीही शस्त्रातील ही तफावत नजरेआड करता येत नाही. उत्तर मुंबईतून निवडून आलेले संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पायउतार व्हावे लागले. सरकारी शस्त्रकारखान्यांत कॉफीची यंत्रे बनविली जातात, असा उपहास त्या वेळी झाला.

उपहास सोपा असतो. १९५८ मध्ये संरक्षण संशोधन संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था उभी राहिली, ही गोष्टही त्याच कारकिर्दीतील आहे. १९५३ मध्ये अंबरनाथला यंत्रहत्यारांचे नमुने बनविणारा सरकारी कारखाना निघाला होता. या पायावरच पुढचे काम झाले. बेल्जियन एफएएल ही त्या काळी जगातील नावाजलेली रायफल. तिच्या परवान्यासाठी बेल्जियन कंपनीशी झालेल्या वाटाघाटी अटींवरून फिसकटल्या. तेव्हा पुण्यातील अभियंत्यांनी बेल्जियन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन नमुने सुटे करून अभ्यासले, आणि त्यांवरून भारतीय रायफल तयार केली. तीच १९६३ पासून सैन्यात आलेली ७.६२ मिलिमीटरची सेल्फ-लोडिंग रायफल, म्हणजे जवानांची ‘एसएलआर’. तिची संख्या पुरेशी होईपर्यंत जुन्या थ्री नॉट थ्रीची रचना अधिक चांगल्या पोलादात नव्या काडतुसासाठी बसवून इशापूरने दुसरी एक रायफलही काढली. तुटपुंज्या साधनांत काम कसे निभावून न्यावे, याचा तो नमुना होता.

१९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात वरणगाव येथे काडतुसांचा कारखाना सुरू झाला. १८६९ पासून चालत आलेला खडकीचा दारूगोळा कारखाना होताच. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांचाही शस्त्रपुरवठा रोखला. त्याचा फटका अमेरिकी शस्त्रांवर विसंबलेल्या पाकिस्तानला अधिक बसला. भारतीय पायदळाची रायफल आणि तिचे काडतूस देशातच बनत होते. १९७१ मध्ये अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाले, तेव्हाही जवानाच्या हातची रायफल वॉशिंग्टनच्या मर्जीवर नव्हती. अलिप्ततेला अर्थ येतो तो असा.

यानंतरची कहाणी मात्र अभिमानाची राहत नाही, आणि समाजवाद्यांनी ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जग हलक्या ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसाकडे वळले, तेव्हा १९८० च्या दशकात पुण्याच्या त्याच संस्थेने ‘इन्सास’ या रायफलीचे काम हाती घेतले. बोल्टची रचना कलाश्निकोव्हच्या वळणाची, वायुनियंत्रक एफएएलसारखा, असा मेळ घालून ती तयार झाली. पण ती जवानांपर्यंत पोहोचायला १९९० चे दशक उलटत आले. मधल्या काळात काश्मीरमध्ये अतिरेक्यांच्या हाती कलाश्निकोव्ह आल्या, आणि पूर्व युरोपातील देशांकडून त्याच जातीच्या रायफली घाईने विकत आणाव्या लागल्या. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत इन्सासची प्लॅस्टिकची मॅगझिने तडकल्याच्या आणि तेल नेमबाजाच्या डोळ्यांत उडाल्याच्या तक्रारी आल्या. २००५ मध्ये नेपाळच्या लष्करानेही तक्रार केली. भारतीय बाजूने ती नाकारली.

नव्या रायफलीत दोष निघणे यात लाजिरवाणे काही नाही. अमेरिकेची एम-१६ व्हिएतनाममध्ये प्रारंभी इतकी अडकत असे की तेथील संसदेला चौकशी करावी लागली. अमेरिकेने दोष शोधले, काडतुसाची दारू बदलली, नळीला आतून क्रोमचा मुलामा दिला, आणि त्याच रायफलीचे वंशज अर्धशतक वापरले. भारतात काय झाले? बदल झाले, पण ते संथपणे आणि तुकड्यातुकड्यांनी. कारखान्याला गिऱ्हाईक गमावण्याची भीती नव्हती, कारण सैन्याला दुसरीकडे जाण्याची मुभा नव्हती. उत्पादनाचा खर्च होईल तेवढा भरून मिळत होता. आणि लडाखमधील जवानाची तक्रार इशापूरच्या यंत्रावर काम करणाऱ्या कामगारापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर कार्यालयांचे किती उंबरठे होते! मालकी सार्वजनिक असली की उत्तरदायित्व आपोआप येते, हा भ्रम समाजवाद्यांनीच प्रथम सोडला पाहिजे.

दोष सुधारण्याऐवजी वस्तू बदलण्याचा मार्ग निवडला गेला. २०११ मध्ये एकाच रायफलीला दोन वेगळ्या काडतुसांच्या नळ्या बसाव्यात, अशी मागणी परदेशी कंपन्यांपुढे ठेवली गेली. २०१५ मध्ये ती निविदाच रद्द झाली. २०१७ मध्ये इशापूरची नवी रायफल चाचणीत नापास ठरली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार झाला. नाव स्विस, पण कारखाना अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातला. ज्या स्विस ‘सिग’ने आपल्या तटस्थ देशाला पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रे दिली, तिने २००० साली आपला शस्त्रविभाग जर्मन गुंतवणूकदारांना विकून टाकला होता. तटस्थतेची कारागिरीही बाजारात विकली जाते ती अशी.

त्याच २०१९ मध्ये अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे रशियाच्या भागीदारीत एके-२०३ बनविण्याच्या कारखान्याचे उद्‌घाटन झाले. डिसेंबर २०२१ मध्ये ६,०१,४२७ रायफलींचा, ५,००० कोटी रुपयांहून अधिक किमतीचा करार झाला. भागीदारीत भारतीय सरकारी कंपन्यांचा वाटा ५०.५ टक्के, रशियाचा ४९.५ टक्के. दोन महिन्यांत युक्रेनचे युद्ध पेटले आणि वेळापत्रक कोलमडले. २०२४ च्या जुलैपर्यंत सैन्याच्या हाती पडल्या त्या ३५ हजार. उद्‌घाटनाला तेव्हा पाच वर्षे उलटली होती.

या व्यवहाराचा आर्थिक अर्थ पाहू. सहा लाख रायफलींचा भाव दरडोई ऐंशी हजारांच्या थोडा वर पडतो. २०१६ मध्ये ३६ राफेल विमाने सुमारे ५९,००० कोटींना घेतली गेली. म्हणजे अवघ्या पायदळाच्या रायफलींची किंमत जेमतेम तीन विमानांएवढी भरते. पैसा नव्हता असे म्हणायला म्हणूनच जागा नाही. दुसरे असे की, आता एकाच सैन्यात तीन काडतुसे नांदत आहेत : इन्सासचे ५.५६, सिगचे ५१ मिलिमीटर लांबीचे ७.६२ आणि एके-२०३ चे ३९ मिलिमीटर लांबीचे ७.६२. शेवटच्या दोहोंचा आकडा सारखा असला, तरी एकाचे काडतूस दुसऱ्यात चालत नाही. प्रत्येकासाठी वेगळे साचे, वेगळे साठे, वेगळी वाहतूक. आणि तिसरे, जे कोणत्याही हिशेबात दिसत नाही : कारखान्यातील हुनर तिजोरीत ठेवता येत नाही. रोजच्या कामात तो वापरला गेला नाही, तर निवृत्त होणाऱ्या कामगाराबरोबर घरी जातो.

कोणी अर्थशास्त्री म्हणतील, जे स्वस्त मिळते ते विकत घ्यावे आणि जे स्वस्तात बनते ते बनवावे. तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त रायफलीला का लागू नये? कारण शस्त्राच्या बाजारात विक्रेत्यामागे सरकार उभे असते, आणि माल विकल्यावरही त्याची सत्ता सुटत नाही. युक्रेनच्या युद्धात जर्मनीने स्वित्झर्लंडकडून पूर्वीच विकत घेतलेली काडतुसे युक्रेनला देऊ इच्छिली, तेव्हा स्वित्झर्लंडने आपल्या तटस्थतेच्या कायद्यावर बोट ठेवून परवानगी नाकारली. स्विस सरकारच्या दृष्टीने ते योग्य असेल. परंतु पैसे मोजलेला माल स्वत:च्या गोदामात असूनही जर्मनी त्याचा धनी नव्हता, एवढे त्यातून सिद्ध झाले.

दुसरा आक्षेप अधिक आदराने ऐकावा असा आहे. शांततावादी चळवळीचा वारसा सांगणाऱ्यांनी रायफलींचा ऊहापोह का करावा? त्याचे उत्तर याच शहराने दिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा हल्लेखोर एक मासेमारी नौका बळकावून समुद्रमार्गे आले आणि कफ परेडच्या मच्छीमार नगराजवळ उतरले. त्यांना पहिल्यांदा पाहिले ते किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांनी. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर त्यांच्या कलाश्निकोव्हसमोर पोलिसांच्या हाती लाठ्या आणि जुन्या थ्री नॉट थ्री होत्या; नेफातील तफावत शेहेचाळीस वर्षांनी मुंबईच्या रेल्वे स्थानकात पुन्हा अवतरली. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असताना हल्लेखोराच्या रायफलीची नळी पकडून ठेवली आणि प्राण दिले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. शौर्याचा गौरव करताना हेही विचारले पाहिजे की, राज्याने त्यांच्या हाती काय दिले होते? उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला औपचारिक निरोप दिला तो २०२० साली. एक पिढी मागचे शस्त्र देण्याचे इंग्रजांचे धोरण गरिबाच्या मुलाच्या बाबतीत, नकळत का होईना, चालूच राहिले. शांततेची बाजू घेणाऱ्याला त्याच्या जिवाची फिकीर नसावी, असे कोणत्या तत्त्वज्ञानात सांगितले आहे?

उरला कामगार. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारने आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित केले आणि त्याखालील ४१ कारखाने सात कंपन्यांत विभागले. दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय खडकीला आले. कामगार संघटनांनी बेमुदत संपाची घोषणा करताच त्याआधीच वटहुकूम काढून, पुढे कायदा करून, संपावर बंदी घातली गेली. जुन्या कार्यकर्त्यांना जुलै १९६० चा केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप आठवेल. तेव्हाही वटहुकूमच आला होता. संरक्षण कामगारांच्या अखिल भारतीय महासंघाचे अध्यक्षपद एस. एम. जोशी यांनी भूषविले, हा या पक्षाच्या परंपरेचा भाग आहे. देशाचे संरक्षण आणि कामगाराचा हक्क यांत विरोध मानण्याचे कारण त्यांना दिसले नव्हते.

मंडळाची जुनी व्यवस्था सदोष होती, हे वर सांगितलेच आहे. पण फलक बदलल्याने दोष जात नाही. आठ-दहा वर्षांनी भागभांडवल विक्रीला काढण्याची सोय मात्र त्याने होते. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या संस्थेने ‘उग्रम’ ही नवी रायफल शंभर दिवसांच्या आत घडवून दाखविली. तिचे उत्पादन-भागीदार खासगी होते. बुद्धी सार्वजनिक, हुकूम झालाच तर नफा खासगी, आणि इशापूरच्या कामगाराला काम नाही, अशी वाटणी होऊ नये याकडे लक्ष ठेवावे लागेल.

तेव्हा मागण्या कोणत्या असाव्यात? पायदळासाठी काडतुसाचा निर्णय एकदाच, दोन-तीन दशकांच्या दृष्टीने व्हावा आणि संसदेसमोर मांडला जावा. कारखान्यांना दरवर्षी थोडी पण खात्रीची मागणी मिळावी, म्हणजे हुनर जिवंत राहील. आराखडा करणारा अभियंता, घडविणारा कामगार आणि वापरणारा जवान यांची संयुक्त समिती प्रत्येक शस्त्रामागे असावी, आणि तिने नोंदविलेल्या दोषाला ठरलेल्या मुदतीत उत्तर देणे व्यवस्थापनावर बंधनकारक असावे. पोलीस शिपायाचे शस्त्र हा अंदाजपत्रकातील शेवटचा विषय राहू नये. परदेशी भागीदारी करावयाची झाल्यास नळीच्या पोलादापासून साच्यापर्यंतचे सर्व ज्ञान हाती येण्याची तारीख करारात असावी, आणि ती पाळली गेली की नाही हे लोकांना कळावे.

यातील तिसरी मागणी या वस्तीत समजावून सांगावी लागणार नाही. सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या दोन खांबांतील अंतर अभियंत्यांनी ६० मीटर ठरविले होते. भरती-ओहोटीत आणि वाऱ्यात तेवढ्यातून होडी सुखरूप निघणार नाही, हे वरळीच्या कोळ्यांनी वर्षानुवर्षे सांगितले. काम अडवले, आंदोलन केले, तेव्हा २०२२ च्या अखेरीस ते अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. ज्याला त्या वाटेने रोज जायचे आहे त्याला आधी विचारले असते, तर वेळ, पैसा आणि मनस्ताप वाचला असता. जवान आणि शिपाई यांना संपही करता येत नाही आणि रस्त्यावरही उतरता येत नाही. त्यांच्या वतीने विचारण्याचे काम पक्षाच्या कार्यकर्त्यांचे आहे.